कुणी कुणाला शिकवलं

अक्का, तुझ्या पुण्यानुमोदनाला मला माइकसमोर उभं केलं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. "जयभीम" म्हणाले आणि खाली येऊन बसले. लोकांना वाटलं, थोरल्या बहिणीच्या दुःखानं गळा दाटला. तुझी सून तर पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली. खरं सांगू का? गळाबिळा काही दाटला नव्हता. माझा जळफळाट चालला होता. समोर हार घातलेला तुझा फोटो, बाजूला भन्तेजी, सगळी पांढऱ्या कपड्यातली माणसं, आणि मला तुझ्याशी भांडायचं होतं. असल्या ठिकाणी असलं काही बोलू नये, एवढी अक्कल मला आहे. म्हणून गप्प बसले.

आता त्याला दोन-चार दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावाला गेले. आता बोलते. तू मेलीस म्हणून मी तुला सोडीन असं समजू नकोस.

केवढं बोलले गं तुझ्यावर! तुझ्या शाळेतले जुने शिक्षक बोलले. तुझा कुणी विद्यार्थी, आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणे, तो बोलला. सगळ्यांचं पालुपद एकच, शांताबाईंची स्मरणशक्ती! मुख्याध्यापिका असताना शाळेतल्या प्रत्येक पोराचं नाव, त्याच्या बापाचं नाव, वस्ती, सगळं तोंडपाठ. आणि शेवटी ती ऋतुजा मॅडम उठली, पुण्याहून येऊन आपल्यासारख्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर संशोधन करणारी. ती तर रडलीच. म्हणाली, "माझ्या अभ्यासात शांताआजी सगळ्यात पुढं होत्या. म्हातारपणीसुद्धा माणूस नवं शिकू शकतं, याचा त्या जिवंत पुरावा होत्या." जिवंत पुरावा म्हणे, आणि फोटोला हार! आई असती तर पदराआड तोंड घालून म्हणाली असती, "मेल्या म्हशीला मनभर दूध." तुला म्हैस म्हटलं म्हणून राग येईल. येऊ दे. मला त्या घडीला उठून सांगायचं होतं, की अहो, त्या दुधातलं निम्मं माझं आहे.

तुझं-माझं भांडण काही आजचं नाही. केडगावात दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून म्हातारपणीसुद्धा आपण तेच भांडत होतो. तुझ्या नातवंडांना ते पाठ झालं होतं. मी ओट्यावर येऊन बसले की ती म्हणायची, "आजी, चालू करा, भाषण कुणाचं?"

भाषण माझं होतं, अक्का. अजून सांगते. तिसगावच्या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं आपलं गाव, आणि आपल्या लहानपणीची ती भीमजयंती. मुलींनी शिकावं या विषयावर गुरुजींनी भाषण लिहून दिलं होतं, जिचं चांगलं पाठ होईल तिनं करायचं. "सन्माननीय अध्यक्ष महाशय, आणि इथं जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो..." मी तुझ्यापेक्षा लहान, पण डोकं माझं तल्लख. ओढ्याकाठी शेळ्या चारताना मी ते पाठ केलं, आणि तू अडखळायचीस म्हणून तुझ्याकडून घोटून घेतलं. आणि जयंतीच्या दिवशीच माझे गाल सुजले. गालगुंड. आईनं गालाला लेप लावून डोक्याभोवती फडकं बांधलं आणि मला घरात बसवलं. बैलगाडीवर उभं राहून भाषण केलंस तू. नगरच्या वसतिगृहाचे कोणी पाहुणे आले होते, त्यांनी दादांना विचारलं, "ही मुलगी आमच्याकडं शिकायला द्याल का?"

आणि तू काय सांगायचीस? तू सांगायचीस की गुरुजींनी पहिल्यापासून तुलाच निवडलं होतं, आणि मी शेळ्यांमागं हिंडता हिंडता तुझंच ऐकून पाठ केलं. "पोपट पण बोलतो, म्हणून काय त्याला शाळेत घालतात का?" असं तू मला भर लग्नात, पाहुण्यांच्या देखत म्हणाली होतीस.

आई होती तोवर मी तिला साक्षीला ओढायचे. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "दोघी बी वरडत हुत्या सकाळ-संद्याकाळ. माजं डोकं उटलं हुतं. कुनी कुनाला शिकीवलं ते मला काय म्हाईत? मला माज्या चुलीचं म्हाईत." झाली साक्ष. दादा दिवसभर रस्त्यावर खडी पसरवायचे, त्यांना तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की एक पोरगी पाठवायची आणि एक ठेवायची. भाऊ पाळण्यात होता. कुणीतरी घरात पाहिजेच होतं.

तुझ्या ट्रंकेसाठी आणि कपड्यांसाठी माझी ठिपक्यांची चितळी शेळी घोडेगावच्या बाजाराला गेली. तू एसटीच्या खिडकीतून हात हलवलास, आणि मी दादांच्या मागं उभी राहून हलवला नाही. तुला ते आठवत होतं. तू म्हणायचीस, "कमे, तू त्या दिवशी माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाईस."

तू शिकलीस, शिक्षिका झालीस, मुख्याध्यापिका झालीस. माझं सातवीत थांबलं. पुढं अंगणवाडी मिळाली, तीस वर्षं मी लोकांच्या पोरांची नाकं पुसली आणि खिचडी शिजवली. वाईट झालं असं म्हणत नाही मी. संसार झाला, पोरं शिकली. पण तुझ्या अंगावर इस्त्रीची साडी बघितली की माझ्या डोळ्यांसमोर ती शेळीच यायची, त्याला मी काय करू?

बरं, झालं गेलं म्हणावं, तर सत्तरीला आल्यावर पुन्हा तेच.

ऋतुजा मॅडम पहिल्यांदा विहाराच्या सभागृहात आली तो दिवस. आपल्याला सगळ्यांना सतरंजीवर बसवून गोड बोलली. पासष्टीच्या पुढची माणसं तिला हवी होती. म्हातारपणी नवीन काही शिकलं तर स्मरण टिकतं का, हे तिला बघायचं होतं. मी म्हणाले, "आम्ही काय जुनी ज्वारी आहोत का, टिकते का ते बघायला?" सगळे हसले, तूसुद्धा. मागून कुणीतरी "साठी बुद्धी नाठी" म्हणालं, तर मॅडम म्हणाली, "हेच तर तपासायचंय, आजोबा." मग प्रत्येकाची परीक्षा झाली. ती शब्दांच्या जोड्या म्हणायची, कंदील आणि पायरी, चिंच आणि दोरखंड, आणि थोड्या वेळानं नुसतं "कंदील" म्हणायची, आपण "पायरी" म्हणायचं. एक छोटी गोष्ट सांगायची आणि ती परत सांगायला लावायची. मला मजा वाटली. इतक्या वर्षांत मला कुणी परीक्षेला बसवलंच नव्हतं.

नंतर चिठ्ठ्या. म्हणे दोन गट करायचे. एक शिकणारा गट, तो मोडी लिपी शिकणार. का मोडी, तर ती आपल्यात कुणालाच येत नव्हती, सगळे एका रेषेवर. आणि दुसरा गट नुसता जमून चहा पिणार आणि गप्पा मारणार. मग शेवटी दोन्ही गटांची तुलना. चिठ्ठी कुणाला कुठली येईल ते कुणाच्या हातात नाही, असं मॅडमनं दोनदा सांगितलं. मी डब्यात हात घातला तेव्हा डोळे घट्ट मिटले होते, अक्का. तुला हे कधी बोलले नाही. मनात म्हणत होते, एकदा, एकदा तरी.

तुला शिकण्याचा गट आला. मला गप्पा.

तू चिठ्ठी उघडून दाखवलीस आणि ओठ दाबून हसलीस. त्या हसण्यात काही नव्हतं, ते मला आता कळतं, पण तेव्हा माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी चप्पल न घालताच घरी निघाले होते. मॅडम सगळ्यांना बजावत होती, "शिकणाऱ्या गटानं घरी जाऊन गप्पांच्या गटाला काही शिकवायचं नाही हं. नाहीतर आमचा सगळा अभ्यास बिघडेल." मी दारातून ओरडले, "कोण येतंय तुमचं शिकायला!"

आणि गप्पांचा तो गट! गुडघे, सुना आणि शुगर. शुगर, सुना आणि गुडघे. एक आजोबा रोज तीच गोष्ट सांगायचे, आणि आम्ही रोज नव्यानं हसायचो, कारण मॅडमची मदतनीस पोरगी कोपऱ्यात बसून बघत असायची. पलीकडच्या खोलीतून तुमचा आवाज यायचा. शिकवणारे सर काहीतरी म्हणायचे आणि तुम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात म्हणायचात. माझं चहात लक्षच लागायचं नाही. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू रस्त्यात दिसलीस की मी भाजीवाल्याकडं तोंड करायचे.

मग एका दुपारी तू माझ्या ओट्यावर आलीस. हातात खडू. जन्मभर नियमावर बोट ठेवणारी बाई तू, पोरांनी पाच मिनिटं उशीर केला तर उन्हात उभी करणारी, आणि बसल्या बसल्या माझ्या शहाबादी फरशीवर लांबलचक रेघ ओढलीस.

"बस हितं," म्हणालीस.

"मला नको तुझी भीक."

"भीक कुणी देतंय तुला? मला घोटवायचंय. एकटीनं होत न्हाई."

"तुझ्या मॅडमला कळलं तर?"

"तू सांगितलंस तर कळंल."

आणि मी बसले. एवढा सगळा राग गिळून मी बसले. शिकायला मिळतंय म्हटल्यावर माझं मन राहतंय होय?

तू वाईट शिक्षिका होतीस, अक्का. तुझ्या पुण्यानुमोदनाला कुणी हे बोललं नाही, म्हणून मी सांगते. खेकसायचीस. "आधी रेघ ओढ. रेघेला अक्षर टांग. हात उचलू नको, हात उचलू नको म्हटलं ना!" मोडीत एकदा सुरू केलं की खडू उचलायचाच नाही, एका अक्षरातून दुसऱ्यात जायचं, शब्द संपला तरी थांबायचं नाही. माझा हात सवयीनं उचलला जायचा, आणि तू माझ्या मनगटावर फटका मारायचीस. सत्तर वर्षांच्या बाईच्या मनगटावर! शेजारीण विचारायची, दोघी रोज काय रांगोळी काढता? आपण म्हणायचो, हो, रांगोळी. आणि संध्याकाळ व्हायच्या आत मी बादलीनं फरशी धुऊन टाकायचे.

मला किती आनंद व्हायचा, ते मी तुला दाखवलं नाही. तुला दाखवून तुला आणखी चढवायचं कशाला? पण मी भाजी निवडताना बोटानं ताटात मोडी काढायचे. झोपेतसुद्धा रेघ ओढायचे.

आता ती दुपार. मला त्या दुपारचंच बोलायचंय, बाकी सगळं त्याच्यासाठी सांगितलं.

तू वर्गातून आलीस, बसलीस, रेघ ओढलीस आणि थांबलीस. खडू रेघेला टेकवून तशीच. मला वाटलं माझी परीक्षा घेतेयस. मी तुझ्या हातातला खडू घेतला आणि आदल्या दिवशीचं सगळं लिहून काढलं, न थांबता, हात न उचलता. लिहिताना मला असा आनंद झाला, असा आनंद झाला, की काय सांगू! हरवलं अक्काला, असं मनात म्हणत मी वर बघितलं. तू त्या अक्षरांकडं बघत होतीस, आणि तुला ती ओळखीची वाटत नव्हती.

"हे काल झालं व्हय?" तू विचारलंस.

मी खडू खाली ठेवला.

"कमे, माझ्या ध्यानात राहत न्हाई गं. सकाळचं दुपारी राहत न्हाई. परवा गॅसवर दूध ठिवलं आन् मी विहारात निघून गेले. सुनेला वाटलं, तिचीच चूक. कुणाला बोलू नको."

मी तुला काय म्हणाले ते तुला आठवतं का? मी म्हणाले, "आता कळलं ना, गप्पांच्या गटात बसल्यावर काय वाटतं ते!" आणि तू हसलीस. डोळे भरले होते तुझे, तरी खो खो हसलीस, आणि म्हणालीस, "मेले, तू कधी सुधारनार न्हाईस." मग मीही हसले. आपण दोघी त्या धुळीच्या फरशीवर बसून इतक्या हसलो की शेजारीण बाहेर आली.

त्या दिवसापासून तू वर्ग सुटला की घरी न जाता थेट माझ्याकडं यायला लागलीस, जेवायच्याही आधी. तू ताजं ताजं सगळं माझ्यापुढं ओतायचीस आणि मी ते धरून ठेवायचे. मग चार वाजता मी तुझ्याकडून ते घोटून घ्यायचे. आता खेकसायची पाळी माझी होती, आणि मी ती काही सोडली नाही. "हात उचलू नको!" म्हणून मीसुद्धा तुझ्या मनगटावर मारलं. तू ऐकलंस. अक्का, तू माझं ऐकलंस! पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं की तुझ्या ध्यानात राहायचं. सोडून दिलं की जायचं. हे त्या मॅडमला सांगायला हवं होतं, पण आपण दोघी चोर.

आणि त्यातही तू मला सोडलं नाहीस. एकदा मी म्हणाले, "बघ, तेव्हापण हे असंच होतं. आणायचीस तू, पाठ व्हायचं माझ्याकडं." तू खडू खाली ठेवलास. "वा गं वा! गुरुजींच्या म्होरं मी बसायचे, तू शेळ्यांमागं. मी न्हाई सांगितलं तर तुला काय शेळीनं सांगितलं?" दूध विसरायचीस, काल विसरायचीस, हे मात्र नाही विसरलीस.

मधल्या परीक्षेत तू पहिली आलीस. मॅडमनं तुला मिठी मारली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं बिस्किटाचा पुडा धरून उभी. टाळ्या मीही वाजवल्या, पण मला वाटत होतं, तुझ्या गळ्यातली ती मिठी ओढून घ्यावी. आदल्या दिवशी ते सगळं मी तुझ्याकडून म्हणून घेतलं होतं. तू गर्दीतून माझ्याकडं बघितलंस आणि हलकेच डोळा मिचकावलास. म्हातारे, तुला लाज नव्हती.

शेवटच्या रविवारी मी ठरवून आले होते. तुझा मुलगा-सून बाहेर गेले होते, आपण दोघीच. मी म्हणाले, "अक्का, आता आपली वयं झाली. खोटं बोलायचं नाही. खरं सांग, ते भाषण कुणी कुणाला शिकवलं?"

तू पदराचं टोक चाळवलंस. मग म्हणालीस, "मला आता ते भाषणच आठवत न्हाई गं. म्हण बरं तू."

मी उभी राहिले. बसून म्हणावंसं वाटेना. "सन्माननीय अध्यक्ष महाशय, आणि इथं जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो..." सगळं म्हणाले, शेवटपर्यंत, कुठंही न अडखळता. तुझ्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीत. ते भाषण मी असं उभं राहून आयुष्यात पहिल्यांदाच केलं. तू ऐकत होतीस, हनुवटीला हात लावून, शाळेत पोरींचं ऐकायचीस तशी. संपल्यावर टाळ्या वाजवल्यास आणि म्हणालीस, "छान म्हणलंस. कुणी शिकवलं तुला?"

मला एवढा राग आला! मी म्हणाले, "तुझ्या सासूनं!" तू हसलीस. चहा ठेव म्हणालीस. साखर किती, ते विचारलंस. मी तणतणत घरी आले.

तू थट्टा करत होतीस का अक्का? का खरंच विचारत होतीस? मी तेव्हा तुझ्या तोंडाकडं नीट बघितलं नाही. मला वाटलं, उद्या विचारू. उद्या कसलं, तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या सुनेचा फोन आला. चहा पिता पिता गेलीस म्हणाली. छातीत कळ आली आणि संपलं, दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ दिला नाहीस. भांडण अर्धं टाकून जाणारी तू पहिल्यापासूनचीच.

आज ऋतुजा मॅडम परत आली होती. शेवटची परीक्षा राहिली होती ना आमची. "कमलआजी, आत्ता नको वाटत असेल तर राहू द्या," म्हणाली. मी म्हणाले, "घ्या. मला कुठं जायचंय?" शब्दांच्या जोड्या झाल्या, गोष्ट झाली. मग तिनं पिशवीतून मोडीचा एक कागद काढला. म्हणाली, "हे तुम्हाला येणार नाही, गप्पांच्या गटातल्या कुणालाच येणार नाही, पण नियम म्हणून दोन्ही गटांना दाखवायचं असतं. नुसतं बघा आणि 'नाही' म्हणा."

अक्का, मी त्या कागदाकडं बघत बसले. "नाही" म्हटलं की झालं असतं. तू पहिलीची पहिली राहिली असतीस, जिवंत पुरावा. आणि वाचलं असतं आणि तोंड मिटून बसले असते, तर मी म्हणजे चमत्कार झाले असते. गप्पा मारून मोडी येणारी बाई! माझं नाव झालं असतं, तुझ्याहून वर. खोटं कशाला बोलू, दोन्हीतलं दुसरं मला फार आवडलं होतं.

मी वाचलं. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. मॅडमच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"आजी, हे तुम्हाला कसं येतं?"

"आमच्या अक्कानं शिकवलं," मी म्हणाले. माझ्या तोंडातून हे शब्द निघाले! तू ऐकायला नव्हतीस, नाहीतर गल्लीभर सांगत सुटली असतीस. "रोज माझ्या ओट्यावर. आणि तिच्या ध्यानात राहत नव्हतं, तर परत मी तिला शिकवायचे. तिनं मला, मी तिला."

मॅडमनं पेन मिटून ठेवलं. मग हळूच म्हणाली की आता आपल्या दोघींची माहिती अभ्यासातून बाजूला काढावी लागेल. तुझीही, माझीही. म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय, आजी." मी म्हणाले, "काढा. वाईट वाटून घेऊ नका." पोरगी चांगली आहे. रागावली नाही. कागद पिशवीत ठेवता ठेवता तिनं सहज विचारलं, "पण मग खरं म्हणजे आधी कुणी कुणाला शिकवलं?"

मी बोलायला तोंड उघडलं. भाषण, ओढा, गालगुंड, सगळं ओठावर आलं. आणि मी थांबले. कारण मी काहीही म्हणाले असते तरी चाललं असतं. "छट, खोटं बोलतेय ती," असं म्हणणारं आता कुणी नाही. तू हवी होतीस गं. भांडायला हवी होतीस. एकटीनं जिंकायला मला एवढंसुद्धा बरं वाटलं नाही.

मॅडमला रस्त्यापर्यंत सोडून आले आणि तेव्हापासून बसलेय. जळफळाट गेलेला नाही, अक्का. उलट वाढलाय. ट्रंकेचा नाही, मिठीचा नाही, टाळ्यांचा नाही. तुझा काल गेला, तो मी धरून ठेवला. तुझं भाषण गेलं, ते मी उभं राहून म्हणाले. मलाही एक दिवस काल आठवायचा नाही. शेळी कुठल्या रंगाची होती ते आठवायचं नाही, दादा रस्त्यावरून आले की काय हाक मारायचे ते आठवायचं नाही, आणि मी विचारायला कुणाच्या ओट्यावर जाऊ? पोरं म्हणतील, आई, आम्ही तेव्हा नव्हतो. या जगात मला "कमे" म्हणणारं आता एकही माणूस उरलं नाही. तू सगळं विसरून, निवांत, चहा पिता पिता गेलीस. तुला चाललं ते.

तुला मी होते.